आतड्याच्या वाटेवर अडवलेल्या पांढऱ्या पेशी : नॅटालिझुमॅब प्रकरणाचा अभ्यास

बेल्जियममधील लूवेन येथे क्रोन रोगावर उपचार घेत असलेल्या ६० वर्षांच्या एका गृहस्थांचे डिसेंबर २००३ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी जुलैत त्यांच्या वागण्याबोलण्यात गोंधळ जाणवू लागल्याने मेंदूची तपासणी झाली होती आणि ऊतीचा तुकडा पाहून ॲस्ट्रोसायटोमा या गाठीचे निदान करण्यात आले होते. आतड्याचा जुना आजार आणि मेंदूतील गाठ ही दोन वेगवेगळी दुखणी समजली गेली. त्या वेळी हाताशी असलेल्या माहितीवर कोणत्याही जाणत्या डॉक्टरने हेच म्हटले असते.

फेब्रुवारी २००५ मध्ये चित्र पालटले. नॅटालिझुमॅब हे औषध इंटरफेरॉन बीटा या दुसऱ्या औषधाच्या जोडीने घेणाऱ्या, मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मज्जारज्जूच्या दाहाच्या आजाराच्या दोन रुग्णांना प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपॅथी, म्हणजे पीएमएल, हा मेंदूचा दुर्मीळ विषाणूजन्य आजार झाल्याचे उघड झाले. अमेरिकेत परवानगी मिळून जेमतेम तीन महिने झालेले ते औषध २८ फेब्रुवारीला बाजारातून मागे घेण्यात आले. लूवेनच्या गृहस्थांनाही क्रोन रोगासाठीच्या औषधचाचणीत तेच औषध मिळालेले होते. त्यामुळे त्यांच्या मेंदूच्या ऊतीच्या जपून ठेवलेल्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यात आल्या, तेव्हा गाठ नव्हतीच, तो पीएमएल होता असे स्पष्ट झाले. या आजारात मेंदूतील ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी फुगून त्यांची केंद्रके चित्रविचित्र दिसू लागतात, म्हणून पहिल्या नजरेला गाठीचा भास व्हावा यात नवल नाही. चाचणीदरम्यान वेळोवेळी घेऊन गोठवलेले रक्तजलाचे नमुनेही तपासले गेले. त्यांत पीएमएल घडवणाऱ्या जेसी विषाणूची जनुकीय खूण, लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन महिने आधीच्या नमुन्यापासून, सापडली. शीतपेटीत पडून राहिलेल्या त्या कुप्यांनी या प्रकरणाला कालक्रम दिला.

आतड्यासाठी दिलेल्या औषधाने मेंदूत विषाणूला मोकळे रान कसे मिळाले, हा या प्रकरणाचा गाभा आहे. त्याचे उत्तर पांढऱ्या रक्तपेशी आतड्याच्या अस्तरापर्यंत कशा पोहोचतात आणि तिथे पोहोचून काय करतात यात दडलेले आहे.

एका पेशीच्या जाडीची भिंत

आतड्याचे अस्तर म्हणजे स्तंभाकार पेशींचा एकेरी थर. पचनमार्गाच्या आतील पृष्ठभागाचे अलीकडच्या मोजणीनुसारचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरते, आणि त्याच्या बहुतेक भागावर जीवाणूंनी भरलेली पोकळी आणि रक्तवाहिन्यांचे जाळे यांच्यामध्ये हा एवढाच पडदा असतो. त्यातील बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत झडून जातात आणि क्रिप्ट नावाच्या खोलगट नळ्यांच्या तळाशी तयार झालेल्या नव्या पेशी त्यांची जागा घेतात. शेजारच्या दोन पेशी क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी वरच्या अंगाला घट्ट शिवलेल्या असतात आणि मोठ्या आतड्यात त्यांच्यावर श्लेष्माचा दुहेरी थर असतो, ज्यातला आतला थर निरोगी अवस्थेत जवळजवळ जीवाणूविरहित राहतो. या अस्तराच्या खाली, लॅमिना प्रोप्रिया नावाच्या सैल ऊतीत, आजार नसतानाही पांढऱ्या पेशींचा मोठा वावर असतो. त्यामुळे निरोगी आतडे म्हणजे पांढऱ्या पेशींपासून मुक्त आतडे, ही समजूत चुकीची आहे. निरोगी आणि आजारी आतड्यातला फरक ठरतो तो तिथे कोण येते, किती येतात आणि येणारी पेशी अस्तराच्या खालीच थांबते की अस्तर भेदून पलीकडे जाते यावर.

अस्तर भेदून जाणाऱ्यांत सर्वांत ठळक आहे न्यूट्रोफिल. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहाच्या भडक्यात घेतलेल्या बायोप्सीत क्रिप्टच्या नळीत या पेशींची दाटी दिसते आणि तिला क्रिप्ट ॲब्सेस म्हणतात. रोग सक्रिय आहे की नाही हे ठरवताना पॅथॉलॉजिस्ट सर्वप्रथम अस्तरात शिरलेल्या याच पेशी शोधतात. ही पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून अस्तराच्या तळाकडून वर, म्हणजे पोकळीकडे जाते. ही दिशा महत्त्वाची आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून मिळवलेल्या टी-८४ या पेशींचा एकसंध थर प्रयोगशाळेत वाढवून त्यातून न्यूट्रोफिल पाठवण्याचे प्रयोग बॉस्टनमध्ये जेम्स मादारा, चार्ल्स पार्कोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. तो थर उलटा वाढवून न्यूट्रोफिलना शरीरात असते तशी तळाकडून वर जाणारी वाट दिली, तेव्हा त्या पेशी कितीतरी अधिक सहजपणे पार झाल्या, असे त्यांनी १९९१ मध्ये दाखवले. या वाटचालीला न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावरील सीडी-११बी आणि सीडी-१८ या जोडीच्या इंटेग्रिनची पकड लागते. इंटेग्रिन म्हणजे पेशीच्या कातडीतून बाहेर आलेला, गरजेनुसार आवळता किंवा सैल सोडता येणारा हूक, असे समजले तरी पुढचे सगळे कळण्यास पुरेसे आहे.

अस्तराच्या पेशी या साऱ्यात गप्प बसून मार खातात असे नाही. जंतूंची चाहूल लागताच त्या इंटरल्यूकिन-८ हा रासायनिक निरोप तळाच्या बाजूला सोडतात आणि त्याच्या ओढीने न्यूट्रोफिल अस्तराच्या पायथ्याशी जमा होतात. पुढे पोकळीच्या बाजूने सोडलेला हेपॉक्सिलिन ए-३ हा स्निग्ध रेणू त्यांना शिवणीतून वर ओढून घेतो. दाह असताना अस्तराच्या वरच्या पृष्ठभागावर आयकॅम-१ हे प्रथिन उगवते आणि पार झालेल्या न्यूट्रोफिलना तिथेच धरून ठेवते, जेणेकरून ते जंतूंच्या तोंडावर उभे राहतील. वरच्या बाजूला पोहोचलेली न्यूट्रोफिल पेशी ॲडिनोसिन मोनोफॉस्फेट सोडते. अस्तरावरील सीडी-७३ हे विकर त्याचे ॲडिनोसिन करते, आणि ते ॲडिनोसिन अस्तराच्याच पेशींना क्लोराइड बाहेर फेकायला लावते. क्लोराइडमागे पाणी येते. कोलायटिसच्या रुग्णाला होणाऱ्या पातळ जुलाबांचा एक भाग म्हणजे न्यूट्रोफिल आणि अस्तर यांनी मिळून पोकळी धुऊन काढण्याचा हा प्रयत्न आहे, हे समजल्यावर त्या लक्षणाकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

प्रमाणात असेल तोवर या येण्याजाण्याचा फायदाच होतो. पार होणारे न्यूट्रोफिल प्राणवायू इतक्या झपाट्याने वापरतात की आसपासच्या अस्तराला त्याची चणचण भासते आणि त्या चणचणीने अस्तरातील स्वतःला सांधण्याची जनुके जागी होतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात विकारात न्यूट्रोफिलना प्राणवायूचा हा स्फोटक वापर करता येत नाही, आणि अशा अनेक रुग्णांना क्रोन रोगासारखा आतड्याचा दाह होतो, हा या मुद्द्याचा बोलका पुरावा आहे. मात्र लोंढा वाढला की इलॅस्टेज, मेटॅलोप्रोटिनेज, हायपोक्लोरस आम्ल असा सगळा दारूगोळा शिवणींवर पडतो, पेशी सुट्या होतात, व्रण तयार होतात आणि खाली शिरलेले जंतू आणखी न्यूट्रोफिलना बोलावतात. मलातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी याच लोंढ्याचे मोजमाप करते, कारण न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवातील प्रथिनांचा फार मोठा वाटा कॅलप्रोटेक्टिनचा असतो आणि ते मलात बराच काळ टिकते.

निमंत्रण देणारे वेगळेच

तरीही आतड्याच्या जुनाट दाहावर न्यूट्रोफिलना थेट रोखणारा उपचार आजवर रुळलेला नाही. न्यूट्रोफिल काही तासांचे सोबती असतात. आज आलेले उद्या नसतात, आणि त्यांना पुन्हा पुन्हा बोलावणे धाडणाऱ्या पेशी मात्र लॅमिना प्रोप्रियात ठाण मांडून असतात. त्यांत टी लिम्फोसाइट प्रमुख आहेत. म्हणून संशोधकांचे लक्ष लिम्फोसाइटच्या वाटेकडे वळले.

लिम्फोसाइट रक्तातून ऊतीत आणि ऊतीतून लसिकामार्गे पुन्हा रक्तात फिरत राहतात, हे जेम्स गोवन्स यांनी ऑक्सफर्ड येथे उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. ते वाटेल तिथे उतरत नाहीत, हे पुढे कळले. आतड्याशी संबंधित लसिकाग्रंथीत घडलेल्या लिम्फोसाइटवर अल्फा-४ बीटा-७ नावाचा इंटेग्रिन उगवतो. आतड्यातील डेन्ड्रायटिक पेशी, म्हणजे लिम्फोसाइटना जंतूंची ओळख करून देणाऱ्या पेशी, अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवून त्या लिम्फोसाइटवर जणू गावाचा शिक्का मारतात. आतड्याच्या सूक्ष्म नीलांच्या आतील भिंतीवर मॅडकॅम-१ नावाचे प्रथिन असते, आणि अल्फा-४ बीटा-७ हा हूक त्यालाच अडकतो, हे युजीन बुचर यांच्या गटाने १९९३ मध्ये सिद्ध केले. दाह सुरू झाला की मॅडकॅम-१ चे प्रमाण वाढते आणि अधिक लिम्फोसाइट उतरू लागतात.

अल्फा-४ या साखळीची जोडी मात्र केवळ बीटा-७ शी जमत नाही. ती बीटा-१ शीही जमते, आणि अल्फा-४ बीटा-१ हा हूक व्हीकॅम-१ या दुसऱ्या प्रथिनाला अडकतो, जे दाह झालेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर असते. उंदरांमधील मेंदूचा दाह अल्फा-४ बीटा-१ अडवणाऱ्या प्रतिपिंडाने रोखता येतो, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अल्फा-४ अडवणाऱ्या प्रतिपिंडाने कॉटन-टॉप टॅमरिन या छोट्या माकडांमधील कोलायटिस सौम्य झाल्याचे दाखवण्यात आले. ही माकडे पिंजऱ्यात ठेवली की त्यांना आपोआप कोलायटिस होतो, म्हणून या अभ्यासासाठी ती मोलाची ठरली. एकच साखळी अडवून मेंदूचा आणि आतड्याचा असे दोन्ही दाह आटोक्यात येतात, याचा त्या काळी दुहेरी लाभ म्हणून आनंद मानला गेला. नॅटालिझुमॅब हा अल्फा-४ वर बसणारा मानवीकृत प्रतिपिंड त्याच आशेतून पुढे आला, आणि क्रोन रोगाच्या २४८ रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे उत्साहवर्धक निष्कर्ष जानेवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

लूवेनच्या रुग्णाकडे पुन्हा

या पार्श्वभूमीवर त्या गृहस्थांच्या उपचारांचा क्रम पाहावा लागतो. २००२ मध्ये त्यांना चाचणीत नॅटालिझुमॅबच्या मोजक्या मात्रा मिळाल्या. त्यानंतरच्या टप्प्यात त्यांच्या वाट्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तुलनेसाठीची मात्रा, आले. या काळात त्यांना ॲझाथायोप्रिन हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषधही होते, जे पुढे थांबवले गेले. २००३ च्या सुरुवातीला नॅटालिझुमॅब पुन्हा, या वेळी एकट्याने, सुरू झाले आणि काही मात्रांनंतर गोठवलेल्या रक्तजलात विषाणू दिसू लागला. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या दोन रुग्णांमध्ये दोष इंटरफेरॉनबरोबरच्या संयोगाचा असावा अशी शंका घेण्यास वाव होता. लूवेनच्या नोंदीने ती पळवाट बंद केली, कारण लक्षणे उमटली तेव्हा इथे नॅटालिझुमॅबच्या जोडीला दुसरे काही नव्हते, फक्त आधी घेतलेल्या औषधाची सावली होती.

जेसी विषाणू, ज्याला १९७१ मध्ये तो ज्या रुग्णात सापडला त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाव मिळाले, निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात कसलाही उपद्रव न करता राहतो. मेंदूत त्याने मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचे आवरण, तयार करणाऱ्या पेशींना हात घालू नये म्हणून टी लिम्फोसाइट तिथे गस्त घालत असतात. अल्फा-४ अडवले की आतड्याकडे निघालेले लिम्फोसाइट थांबतात, तसे ही गस्त घालणारेही थांबतात. नॅटालिझुमॅब घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात लिम्फोसाइटची संख्या घटते आणि औषध बंद केल्यानंतर सहा महिन्यांनीही ती घट टिकलेली आढळली आहे. याच काळात रक्तातील लिम्फोसाइटची संख्या मात्र वाढलेली दिसते, कारण बाहेर पडण्याची वाट बंद झालेल्या पेशी रक्तातच साचतात. मला या संपूर्ण प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत धडकी भरवणारी वाटते. पेशी कमी झाल्या की धोका, असे आपण रक्ताच्या अहवालावरून वाचायला शिकलो आहोत, आणि इथे अहवाल भरघोस असताना ज्या ऊतीत पेशी हव्या तिथेच त्यांचा दुष्काळ होता.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत औषध घेतलेल्या ३,११६ जणांची छाननी झाली. सरासरी १७.९ महिन्यांच्या उपचारात पीएमएलचा धोका हजारात सुमारे एक, असा अंदाज त्यातून निघाला. त्याच वर्षी औषध मल्टिपल स्क्लेरोसिससाठी कडक अटींवर परत आले. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत क्रोन रोगासाठीही परवानगी मिळाली, युरोपात मात्र क्रोनसाठी ती नाकारली गेली. पुढे जेसी विषाणूविरोधी प्रतिपिंडांची तपासणी, दोन वर्षांहून अधिक काळचा उपचार आणि आधी घेतलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे या तीन गोष्टींवरून धोका आजमावण्याची पद्धत रुळली. लूवेनच्या रुग्णाला यातली तिसरी गोष्ट लागू होती.

हूकची फक्त एक जोडी

खरे म्हणजे पर्यायाची वाट आधीपासून तयार होती. ॲक्ट-१ नावाचा, मानवी टी पेशींवर बसणारा उंदरातील प्रतिपिंड अँड्र्यू लाझारोविट्स यांनी १९८४ मध्येच वर्णिला होता. तो केवळ अल्फा-४ बीटा-७ या जोडीलाच ओळखतो, सुट्या अल्फा-४ ला नाही, हे नंतर कळले. १९९६ मध्ये त्याच टॅमरिन माकडांमध्ये अल्फा-४ बीटा-७ अडवून कोलायटिस शमवता आल्याचे दिसले होते. ॲक्ट-१ च्या मानवीकृत रूपाला पुढे वेडोलिझुमॅब हे नाव मिळाले. लूवेनसारख्या प्रकरणानंतर त्याचा निवडक स्वभाव ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू ठरली.

ही निवडकता पारखण्यासाठी केलेले दोन साधे प्रयोग मला मोठ्या चाचण्यांहून अधिक पटणारे वाटतात. निरोगी स्वयंसेवकांना वेडोलिझुमॅब देऊन मेंदूभोवतीचा द्रव तपासला, तेव्हा लिम्फोसाइटच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. दुसऱ्या प्रयोगात औषधानंतर एक लस दंडावर टोचली आणि एक तोंडाने पाजली. टोचलेल्या हिपॅटायटिस बी लसीला शरीराने नेहमीसारखा प्रतिसाद दिला. तोंडावाटे दिलेल्या कॉलऱ्याच्या लसीला मिळालेला प्रतिसाद मात्र कमी पडला, म्हणजे औषधाचा हात आतड्यापुरताच पोहोचला होता.

अल्सरेटिव्ह कोलायटिसवरील २०१३ च्या चाचणीत सहाव्या आठवड्यापर्यंत ४७.१ टक्के रुग्णांना गुण आला, प्लासिबो गटात तो २५.५ टक्क्यांना आला. सुरुवातीला गुण आलेल्यांपैकी आठ आठवड्यांनी एक मात्रा घेत राहिलेल्या ४१.८ टक्के रुग्णांत ५२ व्या आठवड्याला रोग शांत होता, तर प्लासिबोवर नेलेल्यांत १५.९ टक्के. क्रोन रोगात मात्र सहाव्या आठवड्याचा निकाल फिका होता : रोग शांत झाला तो १४.५ टक्के विरुद्ध ६.८ टक्के रुग्णांत. क्रोनचा दाह आतड्याच्या भिंतीच्या संपूर्ण जाडीत उतरलेला असतो, आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शिरणाऱ्या काही लिम्फोसाइट अल्फा-४ बीटा-१ चा, म्हणजे वेडोलिझुमॅबने मोकळ्या सोडलेल्या हूकचा, वापर करतात असे दिसते. नॅटालिझुमॅबची जी व्याप्ती मेंदूला भोवली, तिचाच काही भाग क्रोनच्या रुग्णाला उपयोगी पडत असावा, असा याचा कडवट अर्थ निघतो. मे २०१४ मध्ये दोन्ही आजारांसाठी अमेरिकेत वेडोलिझुमॅबला परवानगी मिळाली. २,८३० रुग्णांच्या एकत्रित सुरक्षा-अहवालात पीएमएलची एकही नोंद नव्हती.

भारतीय डॉक्टरांसाठी या निवडकतेला एक वेगळी धार आहे. टीएनएफ हे दाह भडकवणारे प्रथिन अडवणाऱ्या, याच आजारांवरील औषधांनी शरीरात सुप्त असलेला क्षय उफाळू शकतो, कारण क्षयाचे जंतू ज्या गाठींत कोंडलेले असतात त्या गाठींची बांधणी टीएनएफवर टिकून असते. क्षयाचे ओझे असलेल्या आपल्या देशात आतड्यापुरता काम करणारा प्रतिपिंड म्हणूनच जवळचा वाटतो, अर्थात सुप्त क्षयाची तपासणी त्याआधीही करायचीच असते.

आता न्यूट्रोफिलचा प्रश्न उरतो. त्यांच्यावर अल्फा-४ बीटा-७ नसतो, त्यामुळे वेडोलिझुमॅब त्यांना हातही लावत नाही. तरीही गुण आलेल्या रुग्णांच्या बायोप्सीत क्रिप्टमधील त्यांची दाटी ओसरते आणि मलातील कॅलप्रोटेक्टिन उतरते, फक्त त्याला आठवडे लागतात. बोलावणारे लिम्फोसाइट येईनासे झाले की निमंत्रण थांबते आणि न्यूट्रोफिल आपोआप विरळ होतात, हे सरळ स्पष्टीकरण बरीच वर्षे पुरेसे वाटत होते. मात्र उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या आतड्याच्या नमुन्यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वेगळेच सांगतो : लॅमिना प्रोप्रियातील टी पेशींची संख्या आणि त्यांची रचना फारशी बदललेली नव्हती, ठळक बदल दिसला तो मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, आणि जन्मजात प्रतिकारयंत्रणेच्या इतर घटकांत. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरही अल्फा-४ बीटा-७ असू शकतो, आणि आतड्यातील मॅक्रोफेज रक्तातून आलेल्या मोनोसाइटपासूनच घडतात. म्हणजे औषधाने ज्या वाटसरूंना अडवले असे आपण धरून चाललो होतो, त्यांच्याबरोबर त्याच वाटेने दुसरेही कोणी येत होते.